बर्फात रुतलेलं जहाज

शिपायांनी सराय वेढली आहे. सर आर्ची जिला ‘बायको करून स्कॉटलंडला नेतो’ म्हणत होता, त्या एल्सालिलला तो छातीशी धरतो आणि तिची ढाल करून दाराबाहेर पडतो. भाला तिला लागतो. तिचं कलेवर खांद्यावर घेऊन तो समुद्राकडे, गोठलेल्या जहाजाकडे धावत सुटतो. मॉरित्स स्टिलरच्या ‘सर आर्नेचा खजिना’ या १९१९ सालच्या स्वीडिश मूकपटातला हा प्रसंग. प्रेमातला विश्वासघात इतक्या उघड्या रूपात त्या काळच्या पडद्यावर क्वचितच आला असेल.

मूळ कथा सेल्मा लागरलॉफ यांची. साहित्याचं नोबेल मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. ते वर्ष १९०९. कथेचा काळ सोळाव्या शतकातला, स्वीडनचा राजा तिसरा योहान याच्या कारकिर्दीचा. कैदेतून निसटलेले तीन स्कॉटिश भाडोत्री सैनिक उपासमारीनं पिसाट होतात, सोल्बेर्गा गावच्या आर्ने या धर्मगुरूचं घरदार कापून काढतात आणि त्याची चांदीच्या नाण्यांची पेटी पळवतात. वाचते ती एकटी एल्सालिल, त्या घरात वाढलेली अनाथ पोर. एक मासेविक्या तिला मार्स्ट्रांड बंदरात आपल्या घरी आसरा देतो. मारेकरीही तिथंच आलेले असतात, भरजरी कपड्यांत, स्कॉटलंडला जाणाऱ्या जहाजाची वाट पाहत. समुद्र गोठलेला असल्यामुळे जहाज हलत नाही. तेवढ्या सक्तीच्या मुक्कामात एल्सालिल त्यांच्यातल्या आर्चीच्या प्रेमात पडते.

पुढचा पेच मला फार मोलाचा वाटतो. आर्ची कोण आहे हे कळल्यावर एल्सालिल शिपायांना त्याची खबर देते, आणि लगेच जीव तुटून त्याला सावध करायला धावते. म्हणजे दगा तिनंही दिलेला असतो आणि पश्चात्तापही तिलाच आधी होतो. आर्चीलाही पश्चात्ताप नाही असं नाही. आर्नेच्या घरात मारलेल्या मुलीचं भूत त्याची पाठ सोडत नाही. एल्सालिलला सुखात ठेवलं तर पापाचा भार उतरेल, अशी त्याची आशा असते. पण त्या प्रायश्चित्ताची किंमत त्याला स्वतः मोजायची नाही. म्हणून कसोटीच्या घटकेला त्याचे हात तिला पुढे ढकलतात. रिकार्ड लुंडनं ही भूमिका खलनायकासारखी केलेली नाही. त्याचा देखणा, शिणलेला चेहरा पाहताना आपणही काही काळ त्याच्या बाजूनं होतो. मेरी जॉन्सनची एल्सालिल तर आवंढा गिळते तेवढ्यानंही सगळं सांगते.

ते भूत छायाचित्रकार युलियस येन्सॉन यांच्या कॅमेऱ्यातलं. एकदा चित्रित केलेली फिल्म मागे गुंडाळायची आणि तिच्यावरच दुसरी आकृती पुन्हा टिपायची. कॅमेरा हातानं फिरवण्याचे ते दिवस. वेग चुकला, जागा हलली की दोन्ही चित्रं वाया. त्याच वर्षी आपल्याकडे दादासाहेब फाळके ‘कालिया मर्दन’मध्ये कॅमेऱ्याच्या करामतींनी देवलीला उभी करत होते. तिथं चमत्कार भक्तासाठी होता, इथं तो अपराध्याच्या मनासाठी आहे. दोन वर्षांनी व्हिक्टर शेस्ट्रॉमच्या ‘भुताची गाडी’त येन्सॉननी हे तंत्र आणखी पुढे नेलं.

आणि बर्फ! स्वीडिश दिग्दर्शकांनी निसर्गाला त्या दशकात पात्राचा मान दिला, पण इथं तो न्यायाधीश होतो. आजूबाजूचं पाणी मोकळं होतं, तरी मारेकऱ्यांचं जहाज जखडलेलंच राहतं. जहाजावर पापी आहेत म्हणून देवानं वाट अडवली आहे, हे कप्तानाला उमगतं आणि तो तिघांना बांधून स्वाधीन करतो. मग मार्स्ट्रांडचे लोक एल्सालिलला न्यायला बर्फावरून येतात. पांढऱ्या पठारावर काळ्या कपड्यांची ती लांब, वळत जाणारी रांग पाहून अनेक समीक्षकांना आयझेनस्टाइनच्या ‘इव्हान द टेरिबल’मधली मिरवणूक आठवली आहे. मला त्या रांगेत दुसरंच दिसतं. जिवंतपणी एल्सालिलला आर्चीखेरीज कुणी आपलं म्हणून मिळालं नव्हतं, असं ती धरून चालली होती. तिला न्यायला मात्र अख्खं गाव येतं, आणि ते तिघांकडे नव्हे, तिच्याकडे चालत जातं.

स्टिलर १९२५ मध्ये ग्रेटा गार्बोला घेऊन हॉलिवूडला गेला. तिथं त्याचं फारसं जमलं नाही. १९२८ मध्ये, अवघ्या ४५ व्या वर्षी, तो स्टॉकहोममध्ये वारला. १९४१ च्या आगीत स्वीडनच्या मूकपटांच्या असंख्य मूळ निगेटिव्ह जळाल्या, त्यात त्याचे कितीतरी चित्रपट गेले. ‘सर आर्नेचा खजिना’ मात्र आपल्याला आजही पाहता येतो.