अडखळणारे इंजिन : आधी निदान, मग दुरुस्ती

टर्बो पेट्रोल इंजिनाच्या छोट्या, वेगवान मोटारीचे इंजिन अधूनमधून अडखळत असेल, तर दोष हाती लागणे कठीण जाते. टर्बोमुळे सिलिंडरमधील दाब वाढतो आणि ठिणगी पडण्यास अधिक व्होल्टेज लागते. त्यामुळे कमकुवत इग्निशन कॉइल चोर्ला घाट चढताना उघडी पडते, गॅरेजच्या दारात मात्र इंजिन सुरळीत चालते. मग अंदाजाने एकेक भाग बदलला जातो.

हा खर्च टाळता येतो. स्कॅनरवर ‘पी०३०२’ हा कोड आल्यास दुसऱ्या सिलिंडरमधील ज्वलन चुकत असल्याचे समजावे. प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र कॉइल असेल, तर दुसऱ्या व तिसऱ्या सिलिंडरच्या कॉइलची अदलाबदल करून, कोड पुसून गाडी पुन्हा चढणीवर न्यावी. आता ‘पी०३०३’ आला, तर दोष कॉइलचा. कोड तोच राहिला, तर स्पार्क प्लगची अशीच अदलाबदल करावी. त्यानंतर इंजेक्टर व कॉम्प्रेशन तपासावे.

‘चेक इंजिन’चा दिवा लुकलुकू लागल्यास मात्र गाडी सुरक्षित जागी थांबवावी. न जळलेले पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये पेटून तो निकामी होऊ शकतो. त्याची किंमत कॉइलच्या कितीतरी पट असते.