कचाचे तीन मृत्यू, स्पॉकचा एक

शुक्राचार्यांकडे विद्या शिकायला आलेल्या कचाला असुरांनी पहिल्यांदा मारलं, तेव्हा त्याच्या देहाचे तुकडे करून लांडग्यांपुढे टाकले. गुरूंनी मेलेल्याला उठवणाऱ्या संजीवनी विद्येचा प्रयोग केला आणि कच लांडग्यांची पोटं फाडून बाहेर आला. दुसऱ्या खेपेला त्याला कुटून समुद्रात मिसळलं, तरी तो परतला. मग असुरांनी त्याला जाळलं, राख मद्यात कालवली आणि ते मद्य खुद्द गुरूंनाच पाजलं. महाभारताच्या आदिपर्वातली ही कथा कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांनी १९१३ साली ‘संगीत विद्याहरण’मधून मराठी रंगभूमीवर आणली.

असुरांच्या या चढत्या क्रमात पक्का विचार आहे. कुणी परत येऊच नये असं वाटत असेल, तर त्याचा श्वास थांबवून भागत नाही. त्याच्या देहाची मांडणी मोडावी लागते, इतकी की कोणता कण कुठे होता हे कुणालाही सांगता येऊ नये. राल्फ मर्कल या अमेरिकी संगणकशास्त्रज्ञाने याच अवस्थेला ‘माहितीचा मृत्यू’ म्हटलं. मेंदूतली जी रचना स्मृती आणि स्वभाव धरून ठेवते, ती कोणत्याही तंत्राने पुन्हा वाचता येणार नाही इतकी विस्कटली, की माणूस खऱ्या अर्थाने गेला. विज्ञानकथेत मेलेलं पात्र परत येतं तेव्हा ते पटण्याजोगं आहे का, हे तपासायला याहून चांगली मोजपट्टी सापडत नाही.

विज्ञानकथेनं मात्र सुरुवात केली ती विजेपासून. १८०३ च्या जानेवारीत लंडनमध्ये जिओव्हानी अल्दिनी या इटालियन शास्त्रज्ञाने फाशी दिलेल्या एका कैद्याच्या देहाला बॅटरीच्या तारा जोडल्या. जबडा थरथरला, एक डोळा उघडला. हा अल्दिनी म्हणजे मेलेल्या बेडकाचे पाय विजेनं हलवून दाखवणाऱ्या लुइजी गॅल्व्हानीचा भाचा. पंधरा वर्षांनी, १८१८ साली, मेरी शेलीची ‘फ्रँकेनस्टाइन’ प्रसिद्ध झाली. कादंबरीत जीव ओतण्याची नेमकी कृती तिने दिलेली नाही, पण १८३१ च्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत गॅल्व्हानीच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या विद्युतविद्येचा उल्लेख तिने केला. पुढे वीज हीच पडद्यावरची संजीवनी झाली.

हृदयाला दिला जाणारा शॉक हा तिचाच वारस वाटतो, पण त्याचं काम उलट आहे. बेताल थरथरणाऱ्या हृदयाच्या सगळ्या पेशींना तो एकदम गप्प करतो, म्हणजे हृदयाची नैसर्गिक लय पुन्हा ताबा घेऊ शकते. मॉनिटरवरची रेषा सपाट झाली असेल, तर शॉकचा उपयोग नसतो. चित्रपटांत मात्र नेमका तेव्हाच तो दिला जातो.

देह शाबूत असताना

मृत्यू टप्प्याटप्प्याने येतो. हृदय थांबल्यावर दहा-वीस सेकंदांत शुद्ध हरपते. शरीराच्या वजनात जेमतेम दोन टक्के असलेला मेंदू प्राणवायूतला सुमारे वीस टक्के वाटा घेतो, म्हणून चार-पाच मिनिटांतच त्याची हानी सुरू होते. त्वचेच्या पेशी मात्र तासन् तास तग धरतात. १९६० साली अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या विल्यम काऊवेनहोव्हन आणि सहकाऱ्यांनी छातीवर बाहेरून दाब देऊन रक्त फिरतं ठेवण्याची पद्धत प्रसिद्ध केली. आज शाळा-कार्यालयांत शिकवला जाणारा सीपीआर तो हाच. ‘गेला’ म्हणण्याची वेळ त्याने काही मिनिटं पुढे ढकलली.

थंडी ती आणखी पुढे ढकलते. मे १९९९ मध्ये नॉर्वेत नार्विकजवळ स्कीइंग करताना एक २९ वर्षांची स्वीडिश डॉक्टर गोठलेल्या ओढ्यात कोसळली आणि बर्फाखाली अडकली. हवेचा एक छोटा कप्पा सापडल्यामुळे ती सुमारे ४० मिनिटं शुद्धीवर होती. मग रक्ताभिसरण थांबलं. बाहेर काढेपर्यंत ८० मिनिटं उलटली होती. हेलिकॉप्टरने त्रोम्सोच्या रुग्णालयात पोचली, तेव्हा तिच्या शरीराचं तापमान होतं १३.७ अंश सेल्सिअस. श्वास नव्हता, नाडी नव्हती. डॉक्टरांनी तिचं रक्त यंत्रातून बाहेर फिरवून हळूहळू ऊबदार केलं. शंभराहून अधिक डॉक्टर आणि परिचारिका आळीपाळीने नऊ तास झटत होते. हृदय पुन्हा सुरू झालं.

यामागचं कारण साधं आहे. तापमान एका अंशाने उतरलं की पेशींची प्राणवायूची गरज सुमारे सहा-सात टक्क्यांनी घटते. तिचं हृदय थांबलं तोवर मेंदू इतका गार झाला होता की त्याची भूकच मंदावली होती. महाधमनीच्या कमानीवरच्या काही शस्त्रक्रियांत सर्जन हेच मुद्दाम करतात. रुग्णाचं शरीर १८ ते २० अंशांपर्यंत थंड करून रक्ताभिसरण पूर्ण थांबवतात. मेंदूचा विद्युत आलेख सपाट होतो. अर्ध्या तासाच्या आसपास ही अवस्था टिकवून मग रुग्णाला पुन्हा ऊब देतात. जागा झाल्यावर तो घरच्यांना ओळखतो, आपल्या भाषेत बोलतो, लहानपणच्या आठवणी सांगतो.

विज्ञानकथेसाठी यापेक्षा महत्त्वाचा पुरावा नाही. मेंदूतला विजेचा सगळा खेळ थांबूनही माणूस तोच राहिला, याचा अर्थ दीर्घकाळच्या आठवणी पेशींच्या जोडण्यांत घडवलेल्या असतात. घरातले दिवे गेले तरी सामान जागच्या जागी राहतं, तसं. सामान हललं नाही, तोवर आशेला जागा आहे.

ते किती वेळ जागेवर राहतं, याचं उत्तर एप्रिल २०१९ मध्ये अनपेक्षितपणे लांबलं. येल विद्यापीठातल्या नेनाद सेस्तान यांच्या गटाने कत्तलखान्यातून आणलेल्या ३२ डुकरांच्या मेंदूंवर प्रयोग केला. मृत्यूनंतर चार तासांनी त्यांनी मेंदूच्या रक्तवाहिन्यांतून खास बनवलेला द्रव फिरवायला सुरुवात केली आणि तो सहा तास चालू ठेवला. पेशी पुन्हा साखर आणि प्राणवायू वापरू लागल्या, रक्तवाहिन्या औषधांना प्रतिसाद देऊ लागल्या. संपूर्ण मेंदूची जाणिवेशी जोडलेली विद्युत लय मात्र उमटली नाही. ती उमटू नये यासाठी द्रवात चेतापेशींना शांत ठेवणारी औषधं होती, आणि उमटलीच तर भूल देऊन मेंदू थंड करण्याची तयारीही होती. २०२२ साली याच विद्यापीठात हृदय थांबून तास उलटलेल्या डुकरांच्या संपूर्ण शरीरावर असाच प्रयोग झाला. हृदय, यकृत, मूत्रपिंड यांच्या पेशींत कामकाजाची धुगधुगी दिसली. तुकडे झालेला पहिला कच या प्रयोगशाळांच्या आवाक्यात नाही, पण नुकताच थंडावलेला देह घेऊन लिहिणाऱ्या कथाकाराच्या पायाखाली आता भक्कम जमीन आहे.

काचेत जपलेला देह

काही मिनिटं, काही तास ठीक. शतकं कशी ओलांडायची? विज्ञानकथेचं ठरलेलं उत्तर म्हणजे गोठवणं. १९६४ मध्ये रॉबर्ट एटिंगर यांच्या पुस्तकाने ही कल्पना कथेतून काढून व्यवहारात मांडली आणि १९६७ च्या जानेवारीत कॅलिफोर्नियात एका मृत प्राध्यापकाचा देह भविष्यातल्या उपचारांच्या आशेवर गोठवला गेला. तो आजही जपलेला आहे.

अडचण पाण्याची आहे. पाणी गोठलं की स्फटिक होतात आणि पेशींचे नाजूक पडदे फाटतात. उत्तर अमेरिकेतला वुड फ्रॉग हा बेडूक यावर आपली तोड काढतो. हिवाळ्यात त्याच्या शरीरातलं दोन-तृतीयांशापर्यंत पाणी गोठतं, हृदय बंद पडतं, पण पेशींत साठवलेलं ग्लुकोज आतला भाग वाचवतं आणि वसंतात तो उड्या मारू लागतो. सैबेरियाच्या कायम गोठलेल्या जमिनीत सापडलेले सूक्ष्म गोलकृमी तर सुमारे ४६,००० वर्षांनी वळवळू लागले.

माणसांच्या बाबतीत शास्त्रज्ञ पाण्याचा बर्फ होऊच न देता त्याची काच करण्याच्या मागे आहेत. रक्षक रसायनं भरून तापमान झपाट्याने खाली नेलं, की द्रव स्फटिक न होता काचेसारखा घट्ट होतो. वंध्यत्व केंद्रांत बीजांडं आणि गर्भ रोज अशाच रीतीने साठवले जातात. पण गर्भ म्हणजे काही थोड्या पेशी. आकार वाढला की खरी परीक्षा परत ऊब देताना होते: बाहेरचा थर आधी तापतो, आतला गार राहतो आणि थंड ग्लासात उकळता चहा ओतावा तसा अवयव तडकतो. मिनेसोटा विद्यापीठातल्या संशोधकांनी अवयवात लोहकणांचा अतिसूक्ष्म चुरा भरून बदलत्या चुंबकीय क्षेत्राने तो आतून-बाहेरून एकसारखा तापवला. अशा रीतीने १०० दिवसांपर्यंत साठवलेली उंदराची मूत्रपिंडं २०२३ साली दुसऱ्या उंदरांत बसवली आणि ती चालली.

आठवणींचं काय? २०१५ साली एका छोट्या गोलकृमीला विशिष्ट वास ओळखायला शिकवलं, काचेसारखं घट्ट करून पुन्हा जागं केलं, तेव्हा तो वास त्याच्या लक्षात होता. त्याच्या चेतापेशी आहेत फक्त ३०२. माणसाच्या मेंदूत सुमारे ८,६०० कोटी. या दोन आकड्यांमधलं अंतर कथाकाराने ‘दोनशे वर्षांनी’ या दोन शब्दांत पार केलं, तर वाचकाने त्याला तेवढी सूट द्यायला हरकत नाही. दिशा तरी खरी आहे.

राखेतून

देहच उरला नाही, तर? ‘एलियन थ्री’ (१९९२) या चित्रपटात रिप्ली ही नायिका धगधगत्या भट्टीत उडी घेते. पाच वर्षांनी आलेल्या ‘एलियन रिसरेक्शन’मध्ये दोन शतकांनंतर तिच्या रक्ताच्या नमुन्यांतून तिची क्लोन घडवली जाते, आणि तिला जुन्या आठवणींच्या खुणा पटतात. इथे विज्ञान साथ सोडतं. डीएनएमध्ये शरीर घडवण्याची कृती असते. भट्टीपाशी त्या क्षणी काय वाटलं, याची नोंद नसते. टेक्सासमध्ये २००१ च्या डिसेंबरात जन्मलेली ‘सीसी’ ही पहिली क्लोन मांजर तर आपल्या मूळ मांजरीसारखी दिसतही नव्हती. मूळची तिरंगी, सीसी पट्टेरी आणि पांढरी.

हाडांतून डायनोसॉर उभे करण्याची कल्पनाही डीएनएपाशीच ठेचकाळते. न्यूझीलंडच्या नामशेष मोआ पक्ष्यांच्या हाडांवरून २०१२ साली शास्त्रज्ञांनी डीएनएचं अर्धायुष्य सुमारे ५२१ वर्षं काढलं. साडेसहा कोटी वर्षांत वाचण्याजोगं काही उरत नाही. स्पेनमधल्या बुकार्दो या रानबकऱ्याच्या जातीचं प्रकरण ताजं होतं. शेवटची मादी २०००च्या जानेवारीत मेली, पण तिच्या कानाच्या पेशी आधीच गोठवून ठेवल्या होत्या. त्यातून २००३ साली एक पिल्लू जन्मलं आणि फुप्फुसाच्या दोषामुळे काही मिनिटांतच गेलं. एक जात दोनदा नामशेष झाली.

मग लेखक मनाचीच नक्कल करून ठेवतात. रिचर्ड मॉर्गन यांच्या ‘ऑल्टर्ड कार्बन’ (२००२) या कादंबरीत मानेत बसवलेल्या चकतीवर माणूस साठवला जातो आणि देह कपड्यासारखे बदलतात. या कल्पनेची किंमत आता मोजता येते. हार्वर्ड विद्यापीठ आणि गूगलच्या शास्त्रज्ञांनी २०२४ साली मानवी मेंदूच्या एका घन मिलिमीटर तुकड्याचा सविस्तर नकाशा प्रसिद्ध केला. त्यात सुमारे ५७,००० पेशी आणि १५ कोटी जोडण्या निघाल्या, आणि माहिती भरली १.४ पेटाबाइट, म्हणजे १४ लाख जीबी. अख्खा मेंदू साधारण १२ लाख घन मिलिमीटरचा असतो. शिवाय हा नकाशा स्थिर आहे. कोणती जोडणी किती बळकट, हे त्यावरून नीट कळत नाही. त्या ३०२ पेशींच्या कृमीचा नकाशा १९८६ पासून हाती आहे, तरी संगणकात तो हुबेहूब जगवता आलेला नाही.

नक्कल साधलीच, तर नवा पेच उभा राहतो. मूळ माणूस अजून जिवंत असेल आणि नक्कलही बोलू लागली, तर परतलं कोण? १९८२ साली सिद्ध झालेला भौतिकशास्त्राचा एक नियम सांगतो की अज्ञात पुंज (क्वांटम) अवस्थेची तंतोतंत प्रत काढता येत नाही. ती दुसरीकडे न्यायची तर मूळ अवस्था मोडावीच लागते. मन जपायला इतक्या खोलवर जावं लागतं, याला मात्र पुरावा नाही. त्यामुळे नक्कल करणाऱ्या कथाकाराची या नियमातून सुटका होते आणि परतलं कोण हा पेच त्याच्या गळ्यात पडतो.

याच १९८२ साली ‘स्टार ट्रेक’च्या दुसऱ्या चित्रपटात स्पॉक हे पात्र मरण पावलं. किरणोत्साराने भरलेल्या कक्षात शिरण्याआधी तो डॉक्टर मॅकॉयच्या चेहऱ्यावर हात ठेवतो आणि आपलं मन त्याच्याकडे ठेवून जातो. १९८४ च्या पुढच्या चित्रपटात स्पॉकचा देह एका नव्या ग्रहावर पुन्हा वाढतो आणि मॅकॉयकडची ठेव त्याला परत मिळते. एका मेंदूत दुसऱ्या मेंदूची सगळी मांडणी सामावणं अशक्य आहे, ग्रहाने देह वाढवणं त्याहून अशक्य. तरीही ही कथा रिप्लीच्या क्लोनपेक्षा जास्त पटते, कारण मन मरणाआधी कुठे ठेवलं, हे तिने दाखवलं. ते सांभाळणाऱ्याला काय सोसावं लागलं, तेही दाखवलं: मॅकॉय भ्रमिष्टासारखा वागू लागतो. तिसऱ्या खेपेला पोटातल्या कचाला परत आणायचं तर शुक्राचार्यांना स्वतः मरावं लागणार होतं. म्हणून त्यांनी त्याला पोटातच विद्या शिकवली, आणि बाहेर आल्यावर शिष्याने गुरूला उठवलं. दोन्ही कथांमध्ये ठेव आहे आणि ती जपणाऱ्याची यातना आहे.

आणखी एका बाबतीत स्पॉकचे लेखक प्रामाणिक राहिले. परतलेला स्पॉक आपल्या जिवलग मित्रासमोर उभा राहून त्याचं नाव कष्टाने आठवतो, आणि त्यापुढच्या १९८६ च्या चित्रपटात तो पुन्हा शिकताना दिसतो. बहुतेक कथा हा भाग गाळून टाकतात. पात्र डोळे उघडतं आणि पुढच्या प्रसंगात लढाईला निघतं.

त्रोम्सोची ती डॉक्टर सुमारे दहा दिवसांनी शुद्धीवर आली, तेव्हा मानेखालचं तिचं शरीर लुळं होतं. हालचाल परत यायला कित्येक महिने लागले, हातांच्या नसांचा त्रास मागे राहिला. पुढे ती रेडिओलॉजिस्ट झाली आणि ज्या रुग्णालयात तिला आणलं होतं, तिथेच कामाला लागली.