काढ बाळा चिठ्ठी!

जालना जिल्ह्यात आरक्षण म्हटलं की हल्ली आधी मराठा आंदोलनाची अंतरवाली सराटी आठवते. पण एक आरक्षण शाळकरी पोरांच्या हातात असतं. सरपंचपदाची सोडत! अधिकारी समोर बसलेले, गावोगावचे इच्छुक देव पाण्यात घालून आलेले, आणि बरणीत हात घालणारं पोरगं मात्र निवांत. चिठ्ठी उघडली की कुणाचा गुलाल, तर कुणी तिथल्या तिथे बॅनरसाठी मंडळींचा फोटो शोधायला लागतो. 2011 पासून राज्यात पंचायतींच्या निम्म्या जागा महिलांच्या आहेत ना!

चिठ्ठीवर आपला एवढा भरवसा, पण ती ठरवते फक्त खुर्चीचा प्रवर्ग. त्या खुर्चीत बसणारा माणूसच चिठ्ठीने निवडू, असं पारावर कुणी म्हणालं तर हशा पिकेल.

खरं तर ही कल्पना आपल्याच देशात हजार वर्षांपूर्वीची. तमिळनाडूतल्या उत्तरमेरूरच्या देवळात चोळ राजा पहिला परांतक याच्या काळातले, म्हणजे 10व्या शतकातले शिलालेख आहेत. गावाचे 30 वॉर्ड. नावं ताडपत्रावर लिहायची, मडक्यात टाकायची आणि चिठ्ठी काढायला, ओळखा पाहू कोण? लहान मुलगाच. अटी मात्र कडक. वय 35 ते 70, स्वतःची जमीन, स्वतःचं घर, शिवाय वेदांचं ज्ञान. म्हणजे दार सगळ्यांना उघडं नव्हतंच. पण त्यातली एक अट भारी: आधी समितीत असताना ज्याने हिशेब दिला नाही तो बाद, आणि त्याचे नातेवाईकही बाद! आपल्याकडे लावून बघायची का? नको, गणपूर्तीचे वांधे होतील.

अथेन्सवाले त्याहून जुने. त्यांच्या 500 जणांच्या सभेत चिठ्ठीनेच माणसं यायची. सेनापती मात्र ते मतदानाने निवडत. तिथे नशिबावर सोडायची हिंमत नव्हती.

आपल्या कायद्यात माणूस चिठ्ठीने ठरतो तो समसमान मतं पडली तरच. 2017च्या मुंबई महापालिका निवडणुकीत 220 क्रमांकाच्या वॉर्डात सुरेंद्र बागलकर आणि अतुल शहा यांची मतं सारखी झाली. चिठ्ठी निघाली, शहा नगरसेवक झाले.

आता आयर्लंड. तिथे 2016मध्ये 99 साधी माणसं चिठ्ठीसारख्याच पद्धतीने निवडली आणि अध्यक्ष म्हणून एक न्यायाधीशबाई दिल्या. शनिवार-रविवारी जमायचं, तज्ज्ञांना ऐकायचं, गोल टेबलांवर बसून खल करायचा. विषय साधासुधा नव्हता, गर्भपाताचा कायदा. राजकारणी ज्याला हात लावायला घाबरत, त्यावर या मंडळींनी कायदा सैल करा असं सांगितलं. 2018च्या सार्वमतात 66 टक्क्यांहून जास्त लोकांनी तोच कौल दिला.

आपल्याकडे ग्रामसभा आहे की, असं कुणी म्हणेल. आहे. गणपूर्ती 15 टक्के किंवा 100 मतदार, यातला लहान आकडा. तेवढेही जमले नाहीत तर सभा तहकूब, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची गरजच नाही! शिवाय येतात तेच, बोलतात तेच, माईकही त्यांच्याच हातात. चिठ्ठीची खरी गंमत इथे आहे: जी बाई एरवी सभेच्या दिवशी कापूस वेचायला जाते, तिचंही नाव निघू शकतं. अर्थात तिचा त्या दिवसाचा रोज कुणीतरी भरून द्यायला हवा. नाही तर चिठ्ठी निघाली तरी ती येणार कशी?

अशी चिठ्ठीची सभा आपल्या जिल्ह्यात भरवली तर? जरा हिशेब करू. आयर्लंडची वस्ती तेव्हा 47 लाखांच्या वर. 2011च्या जनगणनेत जालना जिल्ह्याची 19,59,046. त्याच प्रमाणात आपल्या वाट्याला येतात साधारण 40 जण. तालुके 8. म्हणजे भोकरदनपासून मंठ्यापर्यंत दर तालुक्याला 5, पैकीच्या पैकी! त्यांना पहिला प्रश्न कोणता द्यायचा? जायकवाडीचं पाणी शहराच्या नळाला किती आणि अंबड-घनसावंगीच्या मोसंबीला किती, हा घ्या. जाफ्राबादचे पाच लगेच विचारतील, यात आमचं काय?