घोडकाठची पांढरी

सह्याद्रीत उगम पावणारी घोड नदी घाटमाथ्याचा पाऊस घेऊन पूर्वेकडे निघते, पण शिरूर तालुक्यात येईस्तोवर पावसाने हात आखडता घेतलेला असतो. काठाला काळी माती आणि तिच्यापलीकडे बरड माळ. आज इथला ऊस उभा आहे तो धरणाच्या पाण्यावर. या पर्जन्यछायेत, नदीच्या उजव्या तीरावर इनामगाव आहे. तिथे साडेतीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी शेतकऱ्यांनी वस्ती केली आणि ती सुमारे नऊशे वर्षं टिकली.

गावाजवळच्या पांढरीत, म्हणजे जुन्या वस्तीच्या टेकाडात, डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केलं. ह. धी. सांकळिया, झैनुद्दीन अन्सारी आणि म. के. ढवळीकर यांच्या या कामातून वस्तीचे तीन थर उलगडले: माळवा (इ.स.पू. १६०० ते १४००), पूर्व जोर्वे (१४०० ते १०००) आणि उत्तर जोर्वे (१००० ते ७००). जोर्वे हे प्रवराकाठचं, संगमनेरजवळचं गाव. लाल भांड्यांवर काळी नक्षी काढणारी ही संस्कृती तिथे प्रथम ओळखली गेली, म्हणून तिला त्या गावाचं नाव मिळालं.

पूर्व जोर्वे काळ हा इनामगावच्या भरभराटीचा. कुडाच्या भिंतींची ऐसपैस चौकोनी घरं, धान्य साठवायला पेवं आणि कणग्यांचे ओटे. जव हे मुख्य पीक. जोडीला गहू, मसूर, वाल. पुराचं पाणी वळवण्यासाठी लोकांनी चर खणला आणि दगडमातीचा बांध घातला. असं काम एकट्या घराच्या आवाक्यातलं नव्हे. पाच खोल्यांचं एक मोठं घर आणि त्याच्या शेजारचं धान्याचं कोठार पाहून ढवळीकरांनी गावाला प्रमुख असावा, असा निष्कर्ष काढला. त्याच घराच्या अंगणात चार पायांचा मातीचा रांजण मिळाला. त्यात एका पुरुषाचा सांगाडा बसलेल्या अवस्थेत होता.

मृतांना गावकरी लांब नेत नसत. लहान मुलांना दोन मडकी तोंडाला तोंड लावून, त्यांत ठेवून घराच्या जमिनीखालीच पुरत. मोठ्यांना खड्ड्यात उताणं ठेवत, पण बहुतेकांची पावलं घोट्यापासून तोडलेली आढळली. गेलेल्या माणसाने घर सोडून जाऊ नये, ही त्यामागची भावना असावी.

इ.स.पू. १०००च्या सुमारास चित्र पालटलं. चौकोनी घरांच्या जागी लहान, गोल झोपड्या आल्या. भांड्यांचा घाट ओबडधोबड झाला, शेती आटली आणि हरणांच्या शिकारीवर भिस्त वाढली. पाऊसमान घटल्याने हे घडलं, असं ढवळीकरांनी मांडलं. तरीही वस्ती एका फटक्यात उठली नाही. घर लहान करत, ताटातलं अन्न बदलत लोक आणखी सुमारे तीनशे वर्षं घोडकाठी राहिले. शेवटी गाव ओस पडलं.

आज पांढरीवर पाहण्यासारखं फारसं काही उरलेलं नाही. पण अवर्षणाच्या मुलखात कोणतं पीक घ्यायचं, पाणी कोणी अडवायचं आणि कोणाला किती द्यायचं, हे प्रश्न तिथल्या थरांमध्ये जितके जुने आहेत, तितकेच आजच्या शिरूरमध्ये ताजे आहेत. चर आणि बांध असूनही घटत्या पावसापुढे इनामगावला आपली राहणी बदलावी लागली. कालव्याच्या भरवशावर ऊस लावणाऱ्या काठाने एवढं तरी लक्षात ठेवायला हवं.