गिलाव्यापूर्वीचा विचार

उल्हासनगर, अंबरनाथ वा बदलापूर येथे नवे घर घेताना पाण्याची चौकशी आपण आधी करतो. वाय-फाय कोठवर पोहोचेल, हा प्रश्न मात्र राहावयास गेल्यावर सुचतो. तोवर भिंतींना गिलावा झालेला असतो. बदलापूरहून मुंबईचे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस सुमारे ६८ किलोमीटर. घरूनच काम करता आले, तर लोकलचा तेवढा प्रवास वाचतो. पण आतल्या खोलीत वाय-फाय पोहोचेना, तर तो कसा वाचावा?

वाय-फाय म्हणजे रेडिओलहरीच. विटांची भिंत त्यांना क्षीण करते. लोखंडी सळयांचे काँक्रीट त्याहून अधिक अडविते. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी भिंतीपलीकडे बऱ्यापैकी जातात; ५ गिगाहर्ट्झच्या वेगवान खऱ्या, पण लवकर थकतात. म्हणून राउटर दाराशी न ठेवता घराच्या मध्यावर, उंचावर असावा.

याहून खात्रीचा उपाय तारेचा. गिलाव्यापूर्वीच दारापासून राउटरपर्यंत व तेथून प्रत्येक खोलीपर्यंत, विजेच्या तारांहून वेगळी नळी भिंतीत घालावी. तीतून ओढलेली ‘कॅट ६’ केबल १०० मीटरपर्यंत सेकंदाला १ गिगाबिट माहिती नेते. पुढे केबल बदलणेही सोपे जाते. उल्हास नदीकाठी तळमजल्यावर राहणाऱ्यांनी २००५ व २०१९ च्या जुलैमधील पूर आठवून ही उपकरणे उंच बसवावीत.

आमचे सांगणे इतकेच : नळीचा खर्च थोडा, भिंत फोडण्याचा फार. गवंडी घरात आहे तोवरच हा विचार करावा.