वार्तापत्र सॅक्रामेंटोहून : संघ मालकाचा, किंग्ज गावाचे

सॅक्रामेंटो, फेब्रुवारी २०२५

अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉलचा, म्हणजे एनबीएचा, हंगाम ऑक्टोबरात सुरू होतो आणि एप्रिलपर्यंत तीस संघांपैकी प्रत्येक जण ८२ सामने खेळतो. फेब्रुवारीच्या मध्याला आठवडाभर खेळ थांबतो आणि सगळ्या संघांतल्या निवडक खेळाडूंचा ऑल-स्टार सामना होतो. यंदा तो सॅन फ्रान्सिस्कोत झाला, आमच्या सॅक्रामेंटोपासून मोटारीने दोनेक तासांवर. त्यात आमच्या किंग्ज संघाचा एकही खेळाडू नव्हता. डोमांटास साबोनिस गेली दोन वर्षं लीगमध्ये सर्वाधिक रिबाउंड (हुकून परत आलेले चेंडू) घेणारा खेळाडू आहे आणि यंदाही तोच पुढे आहे, पण त्याची निवड झाली नाही. हा अन्याय आहे, असं मला वाटतं. इथल्या बाजारात, दवाखान्यात, मुलांच्या शाळेच्या फाटकाशी सगळ्यांनाच तसं वाटतं.

हिंगोली जिल्ह्यात कबड्डी, खो-खो आणि कुस्ती पाहत वाढलेल्या माणसाला या खेळाबद्दल का सांगायचं? कारण इथला देश कसा चालतो हे मला निवडणुकांच्या भाषणांपेक्षा या संघाकडे पाहून जास्त कळलं. आणि यंदाचा हंगाम तर धड्यांनी भरलेला आहे.

सुरुवातीला आशा होती. उन्हाळ्यात डीमार डीरोझन हा अनुभवी खेळाडू संघात आला. प्रशिक्षक माइक ब्राउन यांचा करार वाढवला गेला. २०२३ मध्ये त्यांनीच किंग्जला बाद फेरीविना गेलेल्या सोळा हंगामांच्या दुष्काळातून बाहेर काढलं होतं आणि त्या वर्षीचा सर्वोत्तम प्रशिक्षकाचा पुरस्कार त्यांना एकमताने मिळाला होता. मग नोव्हेंबर आला. १५ तारखेला आमच्या डीॲरन फॉक्सने मिनेसोटाविरुद्ध एकट्याने ६० गुण केले. संघाच्या इतिहासात एका सामन्यात इतके गुण कुणीच केले नव्हते. तरीही जादा वेळेत किंग्ज हरले. दुसऱ्याच रात्री त्याने युटाविरुद्ध ४९ केले आणि तो सामना आम्ही जिंकलो. ६० गुणांची रात्र पराभवाची ठरावी, यात सगळा हंगाम आला. चौथ्या, म्हणजे शेवटच्या, सत्रात हातातला सामना निसटायचा आणि हे वारंवार व्हायचं.

२६ डिसेंबरला घरच्या कोर्टवर डेट्रॉइटविरुद्ध शेवटच्या काही सेकंदांत असाच एक सामना गेला. तो सलग पाचवा पराभव होता. दुसऱ्या दिवशी ब्राउन यांना काढलं. संघ १३ जिंकला होता, १८ हरला होता. सरावानंतर विमानतळाच्या वाटेवर असताना त्यांना फोनवर कळवलं गेलं, असं बातम्यांत आलं. डेन्व्हरचे प्रशिक्षक मायकल मलोन यांनी त्यावर जाहीर नाराजी व्यक्त केली. त्यांनाही २०१४ मध्ये याच किंग्जने हंगामाच्या मध्यावर काढलं होतं आणि २०२३ मध्ये त्यांनी डेन्व्हरला विजेतेपद मिळवून दिलं. २०१३ पासून किंग्जच्या बाकावर आठ प्रशिक्षक झाले. एखाद्या शाळेत बारा वर्षांत आठ मुख्याध्यापक बदलले तर तिथली मुलं कशी शिकतील, हा साधा प्रश्न आहे.

सध्या जबाबदारी डग क्रिस्टी सांभाळत आहेत, हंगाम संपेपर्यंत. मला त्यांच्याबद्दल फार आपुलकी आहे. २००२ च्या ज्या किंग्ज संघाचं नाव इथले लोक अजून हळवं होऊन घेतात, त्या संघाचे ते बचावपटू होते. क्रिस वेबर, माइक बिबी, व्लाडे दिवाक, पेजा स्टोयाकोविच आणि क्रिस्टी. पश्चिम विभागाच्या अंतिम मालिकेत लॉस एंजेलिसच्या लेकर्सविरुद्ध ते सातव्या सामन्यापर्यंत गेले. सहाव्या सामन्याच्या एकट्या चौथ्या सत्रात लेकर्सना २७ फ्री थ्रो (प्रतिस्पर्ध्याच्या चुकीबद्दल पंचांनी दिलेले मोफत फेक) मिळाले. या आकड्यावर इथे आजही वाद होतात, लग्नाच्या पंगतीतसुद्धा. सातवा सामना सॅक्रामेंटोत जादा वेळेत गेला आणि किंग्ज हरले. क्रिस्टी आले आणि संघाने सलग सात सामने जिंकले. गावात पुन्हा चैतन्य आलं.

मग २ फेब्रुवारीला फॉक्स गेला.

हे नीट समजावून सांगायला हवं. आपल्याकडे आयपीएलचा किंवा प्रो कबड्डीचा लिलाव होतो, पण तो हंगामाआधी आणि सगळ्यांसमोर. इथे हंगाम चालू असताना, ठरलेल्या मुदतीपर्यंत, संघ एकमेकांशी खेळाडूंची अदलाबदल करतात. यंदाची मुदत ६ फेब्रुवारी होती. दोन्ही बाजूंच्या पगारांची गणितं नियमांत बसवावी लागतात आणि म्हणून तीन-तीन संघ एकाच व्यवहारात गुंततात. करारात खास कलम असलेले थोडे सोडले तर खेळाडूची संमती लागत नाही. सकाळी सराव केलेल्या माणसाला रात्री कळतं की उद्यापासून आपलं शहर वेगळं. बायकोची नोकरी, मुलांची शाळा, सगळं मागून येतं. फॉक्सच्या आदल्याच रात्री डॅलसने आपल्या सर्वांत मोठ्या खेळाडूला, लुका डॉन्चिचला, लेकर्सकडे पाठवलं आणि सगळी लीग हादरली. फॉक्सचं मात्र वेगळं होतं. करार वाढवायला तो तयार नव्हता, त्याला जायचंच होतं. तो सॅन अँटोनिओला गेला, शिकागोचा झॅक लाव्हीन आमच्याकडे आला आणि सोबत येत्या वर्षांतल्या पहिल्या फेरीच्या तीन निवडींचा हक्क मिळाला.

निवडीचा हक्क ही इथली आणखी एक रीत. दर जूनमध्ये नव्या खेळाडूंची निवड होते, तीत तळाच्या संघांना आधी संधी मिळते. त्यासाठी सोडत काढतात आणि सर्वांत वाईट तीन संघांना पहिल्या क्रमांकाची समान, १४ टक्के संधी असते. तळाला राहिलं तरी खालच्या गटात घसरण नाहीच. त्यामुळे मुद्दाम हरण्याचा मोह होतो, आणि काही संघ तसं करतातही. मला हे पटत नाही. तिकीट काढून आलेल्या माणसासमोर जिंकण्यासाठीच खेळायला हवं.

फॉक्सबद्दल मला राग नाही. २०१७ मध्ये तो विशीच्या आत इथे आला, सात वर्षं पडक्या संघात राबला. दर दीड-दोन वर्षांनी नवा प्रशिक्षक, नवी पद्धत. त्याने अस्थिरतेला कंटाळून वाट बदलली असेल तर दोष वरच्या मजल्यावर शोधावा लागेल.

वरच्या मजल्यावर आहेत विवेक रणदिवे. आडनाव वाचून तुमचे कान टवकारले असतील. मुंबईत जुहूला वाढलेला हा मुलगा एमआयटीत शिकला, संगणक क्षेत्रात टिब्को ही कंपनी उभारली आणि २०१३ मध्ये किंग्जचा प्रमुख मालक झाला. एनबीए संघाचा भारतात जन्मलेला पहिला प्रमुख मालक. त्यांच्यामुळेच ४ आणि ५ ऑक्टोबर २०१९ ला मुंबईत वरळीच्या डोममध्ये किंग्ज आणि इंडियाना पेसर्स खेळले. भारतात झालेले ते पहिले एनबीए सामने, आणि पहिल्याला प्रेक्षक म्हणून शाळकरी मुलं बसवली होती. २०१५ च्या एप्रिलमध्ये सिम भुल्लर याच संघाकडून खेळला, एनबीएत उतरलेला भारतीय वंशाचा तो पहिला खेळाडू. इथून तासाभरावर युबा सिटीच्या फळबागांत पंजाबी शेतकऱ्यांच्या तीन-चार पिढ्या नांदताहेत. त्यांच्या गुरुद्वारांत, गुरु ग्रंथ साहिबात असलेली आपल्या नर्सीच्या नामदेवांची पदं म्हटली जातात, हे ऐकलं की माझा ऊर भरून येतो. भुल्लर कोर्टवर उतरला तेव्हा त्या घरांत काय वाटलं असेल ते मला कुणी सांगायची गरज नाही.

म्हणूनच रणदिव्यांबद्दल इथल्या मराठी माणसाच्या मनात अभिमान आणि तक्रार शेजारी-शेजारी राहतात. संघ सॅक्रामेंटोत टिकला तो त्यांच्यामुळे. इथे संघ ही मालमत्ता असते. मालकाला वाटलं तर तो संघ उचलून दुसऱ्या शहरात नेऊ शकतो. किंग्जच तसे फिरत आले : रॉचेस्टर, सिनसिनाटी, कॅन्सस सिटी आणि १९८५ पासून सॅक्रामेंटो. त्यांचं एकमेव विजेतेपद १९५१ चं, तेही रॉचेस्टरमधलं. २०१३ च्या जानेवारीत जुन्या मालकांनी संघ सिएटलच्या गुंतवणूकदारांना विकायचं ठरवलं होतं. सिएटलचा स्वतःचा संघ २००८ मध्ये ओक्लाहोमा सिटीला नेला गेला होता, म्हणून त्यांना दुसऱ्याचा हवा होता. तेव्हा इथले महापौर होते केव्हिन जॉन्सन, याच शहरात जन्मलेले आणि स्वतः एनबीए खेळलेले. त्यांनी नवे खरेदीदार गोळा केले, लोक रस्त्यावर उतरले आणि मे महिन्यात लीगच्या मालकांनी स्थलांतराविरुद्ध २२ विरुद्ध ८ असं मत दिलं.

किंमत शहरानेही मोजली. नव्या स्टेडियमच्या साधारण ५५ कोटी डॉलर खर्चापैकी सुमारे साडेपंचवीस कोटी नगरपालिकेने घातले, वाहनतळांच्या उत्पन्नावर कर्ज काढून. म्हणजे गावात गाडी लावणारा प्रत्येक जण त्याचा हप्ता फेडतो. स्टेडियमला नाव एका पतसंस्थेचं आहे : गोल्डन १. १९३३ मध्ये राज्य सरकारी कर्मचाऱ्यांची म्हणून सुरू झालेली ही संस्था वीस वर्षांच्या नावासाठी बारा कोटी डॉलर देते आहे. लोकांच्या ठेवी, लोकांचे कर, आणि मालकी एका गटाची. मला अमेरिकेत सर्वांत खटकलेली गोष्ट हीच. जिथे सार्वजनिक पैसा इतका लागतो तिथे संघ न हलवण्याची बांधिलकी कायमची असावी आणि निर्णयांत गावाचा आवाज असावा, असं माझं ठाम मत आहे.

तो आवाज एकदा फार स्पष्ट ऐकू आला. १८ मार्च २०१८ च्या रात्री स्टेफन क्लार्क या २२ वर्षांच्या निःशस्त्र कृष्णवर्णीय तरुणाला पोलिसांनी त्याच्या आजीच्या परसात गोळ्या घातल्या. चार दिवसांनी लोकांनी हातात हात गुंफून स्टेडियमचे दरवाजे अडवले. बहुतेक प्रेक्षक आत जाऊच शकले नाहीत. अठरा हजारांच्या आसपास खुर्च्यांपैकी थोड्याच भरल्या आणि सामना उशिरा सुरू झाला. संपल्यावर रणदिवे कोर्टच्या मधोमध आले, क्लार्कच्या कुटुंबाचं दुःख आपलं मानलं आणि निषेध करण्याचा लोकांचा हक्क मान्य केला. त्या रात्रीचा त्यांचा वागणुकीतला मोठेपणा मी विसरणार नाही. गावाचं दुःख मांडायची जागा म्हणून लोकांनी किंग्जचं दार निवडलं होतं.

सॅक्रामेंटो कॅलिफोर्नियाची राजधानी असली तरी शेतीचं गाव आहे. भोवती भात, टोमॅटो, बदाम, अक्रोड. वसमतच्या हळदीच्या शिवारातून आलेल्या मला इथली कालव्यांची आणि पाण्याच्या पाळीची बोलणी परकी वाटली नाहीत. लेकर्सचे तेव्हाचे प्रशिक्षक फिल जॅक्सन यांनी एकदा या गावाला अर्धवट सुधारलेलं म्हणून हिणवलं. लोकांनी गाईच्या गळ्यातल्या घंटा आणल्या आणि सामन्यात लेकर्सच्या कानाशी वाजवल्या. आजही त्या वाजतात. २०२२ पासून प्रत्येक विजयानंतर स्टेडियमच्या छतावरून जांभळ्या प्रकाशाचा झोत आकाशात सोडतात. वीस-पंचवीस मैलांवरच्या शेतातूनही तो दिसतो, आणि सामना न पाहिलेल्या माणसालाही निकाल कळतो.

फॉक्स टेक्सासचा, साबोनिस लिथुआनियाचा, कीगन मरे आयोवाचा, मलिक मंक आर्कान्साचा. आपल्या गावच्या कबड्डी संघात पाटलांचा, गुरवाचा, मोमीनांचा पोरगा असतो, चढाई करणाऱ्याची आई समोर बसलेली असते. इथे तसं नातं नाही. पण पाहणारेही बाहेरूनच आलेले : मेक्सिकोचे, फिलिपिन्सचे, व्हिएतनामचे, पंजाबचे, माझ्यासारखे मराठवाड्याचे. सामन्याला शेजारी बसलेल्या अनोळखी बाईशी मी पहिल्यांदा मनमोकळं बोलले ते साबोनिसच्या एका पासवरून. आज तिच्या घरी माझं जाणं-येणं आहे.

आता उरलेल्या हंगामाचं. विजय पराभवांपेक्षा जेमतेम जास्त आहेत. पश्चिम विभागात पहिले सहा थेट बाद फेरीत जातात, सातवा ते दहावा आपसांत खेळून उरलेल्या दोन जागा ठरवतात, आणि किंग्ज त्या दुसऱ्या घोळक्यात आहेत. लाव्हीन, डीरोझन, साबोनिस तिघेही गुण करणारे, पण बचाव कोण करणार? फॉक्ससारखा चेंडू घेऊन धावणारा आता नाही, ते काम मंकवर पडलं आहे. दहाव्याच्या वर राहू, असा माझा अंदाज. क्रिस्टींना कायम करावं, ही मागणी. नववा प्रशिक्षक नको.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात सॅन अँटोनिओचा संघ इथे येईल, फॉक्सला घेऊन. इथले संध्याकाळचे सात म्हणजे हिंगोलीत दुसऱ्या दिवशीचे सकाळचे साडेआठ, तेव्हा जमलं तर पाहा. काही लोक त्याची हुर्यो उडवायची म्हणताहेत. मी उभी राहून टाळ्या वाजवणार आहे, आणि मग सामना आम्हीच जिंकावा म्हणून घसा बसेपर्यंत ओरडणार आहे.