ऑक्टोबरच्या काडीत दडलेला घड

दिवाळीच्या सुमारास एक चित्र मोबाइलवर हमखास येतं. तांबूस-पिवळी पानं, तिरपं ऊन आणि मधोमध टपोऱ्या काळ्या द्राक्षांचा घड. खाली ‘शरद ऋतूच्या शुभेच्छा’. चित्र खोटं नसतं, पण ते फ्रान्स-इटलीकडचं असतं. त्याच दिवसांत आमच्या महागाव तालुक्यात सोयाबीन घरात आलेलं असतं, कापसाचा पहिला वेचा सुरू असतो, तूर फुलावर येऊ लागलेली असते. द्राक्षांची हातगाडी गावात दिसायला जानेवारी-फेब्रुवारी उजाडतो. थंड देशातली वेल आणि आपल्याकडची वेल, दोन्ही एकाच प्रजातीच्या: व्हिटिस व्हिनिफेरा. मग पिकण्यात चार-पाच महिन्यांचा फरक का पडतो?

युरोपातली वेल हिवाळाभर झोपते. बर्फाळ थंडीत पानं गळून काड्या उघड्या पडतात, वसंतात डोळे फुटतात आणि ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये घड पिकतो. वर्षाला एक झोप, एक पीक. आपल्याकडची थंडी तिला झोपवण्याइतकी कडक नसते. वेल वर्षभर हिरवी राहू पाहते. त्यात तिकडच्यासारखा ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये घड पिकायला आला, तर तो भर पावसात सापडेल. पावसात मणी तडकतात, कुजतात, पानांवर आणि घडांवर डाऊनी हा रोग येतो. म्हणून महाराष्ट्रातल्या बागायतदारांनी वेलीचं वर्षच कात्रीने नव्याने बेतलं. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी, ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी, जिला बागेत गोडी छाटणीही म्हणतात. फळछाटणीनंतर साधारण चार महिन्यांनी, कोरड्या दिवसांत, घड काढणीला येतो.

म्हणजे ऐन शरदात नाशिक किंवा सांगलीच्या बागेत कॅमेरा घेऊन गेलात तर काय दिसेल? मांडवावर उघड्या काड्या, खाली छाटलेल्या पानांचा खच, आणि डोळे एकसारखे फुटावेत म्हणून काड्यांना पेस्ट लावत फिरणारे मजूर. द्राक्षाचा एक मणीही नाही.

तरी घड तिथेच असतो! मला या साऱ्या विषयातली सगळ्यात विलक्षण गोष्ट हीच वाटते. खरड छाटणीनंतर आलेल्या नव्या काडीच्या डोळ्यांत, उन्हाळ्याच्या त्या दोन महिन्यांत, पुढच्या हंगामाचा घड सूक्ष्म रूपात घडतो. त्या वेळी पानांना ऊन मिळालं, अन्नसाठा नीट झाला, तर डोळ्यात घड धरतो. आभाळ सतत भरलेलं राहिलं तर तिथे घडाऐवजी नुसता तणावा होऊ शकतो. घड आणि तणावा ही एकाच अवयवाची दोन रूपं आहेत, हे वनस्पतिशास्त्राला जुनंच ठाऊक आहे. म्हणून जाणते बागायतदार छाटणीआधी काड्या प्रयोगशाळेत नेतात. डोळा पात्याने कापतात, सूक्ष्मदर्शकाखाली धरतात आणि कितव्या डोळ्यात घड आहे ते पाहून कात्री कुठे लावायची ते ठरवतात. याला ‘काडी तपासणी’ म्हणतात. आपल्या शरदातला द्राक्षाचा खरा फोटो असेल तर तो हा.

पिकलेल्या द्राक्षासाठी शरदाच्या जवळात जवळ जायचं तर बागलाण गाठावं लागतं. सटाणा, देवळा, कळवण या पट्ट्यात काही शेतकरी पावसाळ्यातच फळछाटणी उरकतात आणि दिवाळीनंतर थोड्याच दिवसांत पूर्वहंगामी माल काढतात. भाव चांगला मिळतो, पण जोखीम फार मोठी. फुलोऱ्यात पाऊस लागला तर अख्खी बाग जाते. सोलापूरजवळच्या नान्नजच्या नानासाहेब काळे यांनी निवडलेल्या काळ्या वाणाचं नाव ‘शरद सीडलेस’. पण ऑक्टोबरला छाटलेल्या बागेत तोही पिकतो शिशिरातच.

आता कॅमेरा घेऊन फेब्रुवारीतल्या बागेत जाऊ. मांडवाखाली शिरताच पहिली अडचण उजेडाची येते. पानं सूर्यप्रकाशातला तांबडा आणि निळा भाग बराचसा शोषून घेतात, हिरवा खाली झिरपतो. आपला मेंदू ही हिरवट झाक वजा करून बघतो, कॅमेऱ्याला ते नेमकं जमत नाही. घडाशेजारी कोरा पांढरा कागद धरून कॅमेऱ्याला ‘पांढरं’ म्हणजे काय ते दाखवलं की रंग जागेवर येतात.

दुसरी अडचण अशी की निर्यातीच्या बागेत पुष्कळदा घड दिसतच नाहीत, कारण ते रद्दीच्या वर्तमानपत्रात गुंडाळलेले असतात. दिवस उबदार आणि रात्री गार झाल्या की हिरव्या मण्यांत अँथोसायनिन हे रंगद्रव्य तयार होऊन गुलाबी छटा येते. खायला तो मणी काही वाईट नसतो, पण परदेशी बाजार तो नाकारतो. म्हणून घडाला पेपर लावतात. फोटोसाठी पेपर काढायचा तो मालकाला विचारून, आणि लगेच परत लावायचा.

घड उघडल्यावर सूर्य त्याच्या पाठीमागे येईल असे उभे राहा. पिकलेला थॉमसन या हिरव्या वाणाचा मणी दिव्यासारखा उजळतो आणि आतल्या बारीक शिरा दिसतात. महिनाभर आधी हाच मणी टणक आणि अपारदर्शक होता. बागायतदार ज्याला ‘मण्यात पाणी उतरणं’ म्हणतात, त्या टप्प्यावर तो बदलतो: हरितद्रव्य कमी होतं, आंबटपणा उतरतो, गर मऊ होतो, साखर भरू लागते. रसाचा ब्रिक्स १८ आला म्हणजे शंभर ग्रॅम रसात सुमारे १८ ग्रॅम विरघळलेले घटक, त्यात बहुतेक साखर. वेलीवरून तोडल्यावर द्राक्ष आणखी गोड होत नाही, त्यामुळे हा आकडा वेलीवरच गाठावा लागतो.

मण्याला मात्र बोट लावू नका. वरचा पांढुरका थर म्हणजे धूळ किंवा औषध नव्हे, ते वेलीनेच तयार केलेलं मेण आहे. मण्यातलं पाणी ते राखून ठेवतं. काळ्या द्राक्षावरची निळसर झाकही त्याचीच. ब्रिस्टल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२४ मध्ये दाखवलं की गडद फळांवरच्या मेणाचे असे अतिसूक्ष्म, विस्कळीत कण निळा आणि अतिनील प्रकाश विखुरतात, आणि खालचं गडद रंगद्रव्य बाकीचा गिळतं. मेण पुसलं की निळा गेला, उरतो नुसता काळपट-लाल मणी. बोटाचा ठसा फोटोत दिसतो आणि बाजारातही, म्हणून काढणी करणाऱ्या बाया घड देठाला धरतात. चित्र छान यावं म्हणून घडावर पाणी शिंपडण्याची टूम तर अगदी वाईट. ओल म्हणजे बुरशीला आमंत्रण.

फोटोची तारीखही मोलाची असते, कारण फळ कधी पिकलं हे ती सांगते. फ्रान्समधल्या बोन या गावी द्राक्षकाढणीच्या तारखा १३५४ पासून जुळवता आल्या आहेत. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं की १९८८ नंतर तिथली काढणी आधीच्या सरासरीपेक्षा सुमारे १३ दिवस लवकर होऊ लागली. हवामान तापत असल्याचा हा पुरावा कोणत्याही यंत्राने गोळा केलेला नाही. काढणी कधी सुरू करायची याच्या गावातल्या जुन्या नोंदींतून तो हाती आला.

महागावात द्राक्षबाग नसली तरी द्राक्षाचं गोत आहे. पावसाळ्यानंतर कुंपणावर चढलेली आंबटवेल पाहा. तीन-तीन पानांचं त्रिदळ, पानाच्या बरोबर समोरून फुटणारा तणावा, आणि वाटाण्याएवढ्या फळांचे झुपके, जे हिरव्याचे काळे होत जातात. कांडवेल, म्हणजे हाडजोडीसुद्धा याच कुळातली. शरदात आपल्या गावात पिकणारी ‘द्राक्षं’ ही अशी आहेत. खाऊ मात्र नका, तोंड आणि घसा खाजतो.

या वर्षी एक करा. घराजवळच्या एका आंबटवेलीचा एकच झुपका निवडा, आठवड्यातून एकदा सकाळी त्याच जागेवरून फोटो काढा आणि तारीख व गाव लिहून ठेवा. पहिलं फळ काळं झाल्याचा दिवस वहीत वेगळा नोंदवा, आणि पुढच्या वर्षी त्याच वेलीकडे पुन्हा जा.